चाल कुणाची?

'चाल' या शब्दाचे अर्थ बघा. चालण्याची ढब. रूढी. गाण्याची चाल. बुद्धिबळातली चाल, म्हंजे डाव. आणि चाल करून जाणं, म्हंजे हल्ला. मूळ धातू 'चल्'. हलणे, एवढाच अर्थ. ज्याला हलता येतं त्याचा हा शब्द.

पण हलायची मुभा कुणाला होती?

पेशवाईच्या पुण्यात आमच्या बापजाद्यांच्या कमरेला झाडू बांधला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहून ठेवलंय. झाडू कशाला? तर उमटलेलं पाऊल पुसायला. माणूस चालला तरी चालल्याची खूण राहायला नको. आणि या प्रकाराला नाव काय? 'आमच्याकडं तशी चाल आहे.' आमची चाल पुसणाऱ्या रूढीचं नावसुद्धा चालच!

आमच्यातले काही शहाणे म्हणतात, शब्दाला कसली जात? मग सांगा, पाटलाचा पोरगा छाती काढून चालला तर तो रुबाब, आणि आपला चालला तर माज, असं का? ढब तर एकच. आजही आपला नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड पडतात. शब्द निर्मळ असतो म्हणणाऱ्यांनी त्या वरातीत एकदा चालून दाखवावं.

२० मार्च १९२७ ला महाडात दोन चाली समोरासमोर आल्या. एक रूढीची, एक पायांची. नगरपालिकेनं १९२४ लाच तळं खुलं केलं होतं, पण कागदावर. कागदाला पाय नसतात. बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर चालत गेले, पाणी प्याले. सवर्ण कोर्टात गेले. म्हणाले, ही आमची पूर्वापार वहिवाट. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला, अशी अनादि वहिवाट शाबीत होत नाही. पाय आधी गेले, निकाल दहा वर्षांनी मागून आला. हे ध्यानात ठेवा.

आता आपलं बघू. दोस्तांनो, राग मानू नका. १४ एप्रिलला आपण पुढाऱ्याच्या गाडीमागं चालतो. त्याच्यासारखी मान ताठ करतो, त्याच्यासारखा हात हलवतो. रात्रपाळी करून मीबी तसाच चाललोय. घरी आल्यावर पाय दुखत होते, तेव्हा मनात आलं, मी चाललो का मला चालवलं?

दुसऱ्या दिवशी गावाकडनं फोन आला. हाटेलात आपल्यासाठी कप अजून वेगळाच. मी विचारलं, पोरं काय म्हणत्यात? तर म्हणे, 'चालतंय.'

या शब्दाचा हा सगळ्यात वाईट अर्थ. चालतंय, म्हंजे सोसतंय. कोशात तो शेवटी असेल, आपल्या तोंडात पहिला आहे. जो चालत न्हाई त्याला सगळं चालतं.

उद्या त्या हाटेलात चला. चार जणांनी, मान वर करून. चालत.

जयभीम.