ऑस्ट्रेलियाचा ग्रामीण भाग : आपत्तीच्या छायेतील जीवन आणि शेजारधर्माची कसोटी

ऑस्ट्रेलिया हा संपन्न देश असला, तरी तेथील ग्रामीण जीवन निसर्गाच्या लहरीपासून मुक्त नाही. वणवा, महापूर आणि दुष्काळ यांचे चक्र तेथे अव्याहत सुरू असते. वस्त्या विरळ आणि अंतरे प्रचंड असल्यामुळे संकटाच्या पहिल्या काही तासांत शासकीय यंत्रणेपूर्वी शेजारीच धावून येतो. हवामानातील बदलांमुळे आपत्तींची वारंवारता वाढत असताना केवळ या शेजारधर्मावर किती काळ विसंबून राहता येईल, हा प्रश्न आता ऐरणीवर आला आहे.

व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी लागलेल्या वणव्यांत १७३ जणांचा मृत्यू झाला. पूर्वतयारी करून घराचे रक्षण करा किंवा वेळीच बाहेर पडा, असे तोपर्यंतचे धोरण होते. मात्र अतितीव्र आगीपुढे चांगली तयारी केलेले घरही टिकेलच असे नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्यानंतर धोक्याच्या श्रेणींमध्ये ‘प्रलयंकारी’ ही सर्वोच्च श्रेणी समाविष्ट करण्यात आली. अशा दिवशी आग लागण्याची वाट न पाहता गाव सोडणे, हाच सुरक्षित मार्ग मानला जातो. २०२२ पासून संपूर्ण देशात चार श्रेणींची एकच पद्धत लागू आहे.

२०१९-२० च्या उन्हाळ्यात २ कोटी ४० लाख हेक्टरहून अधिक क्षेत्र जळाले आणि ३३ जणांनी प्राण गमावले. त्यांत ९ अग्निशामक होते. मॅलाकूटा या किनारी गावात ३१ डिसेंबर २०१९ रोजी हजारो रहिवासी व पर्यटकांना समुद्रकिनाऱ्यावर आश्रय घ्यावा लागला. रस्ते बंद झाल्याने अनेकांची सुटका नंतर नौदलाच्या जहाजातून करण्यात आली.

या आगींशी झुंजणारे बहुसंख्य लोक वेतनधारी नव्हते. न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन सेवेत सुमारे ७० हजार स्वयंसेवक आहेत. शेतकरी, दुकानदार, शिक्षक असे हे लोक आपला व्यवसाय बाजूला ठेवून आठवडेच्या आठवडे आगीसमोर उभे राहिले. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये, दीर्घकाळ सेवा देणाऱ्या स्वयंसेवकांना बुडालेल्या उत्पन्नापोटी दररोज ३०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय तत्कालीन सरकारला घ्यावा लागला. निःस्वार्थ सेवेलाही आर्थिक मर्यादा असते, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावी लागेल.

महापुराचा अनुभवही वेगळा नाही. लिस्मोर येथे २८ फेब्रुवारी २०२२ रोजी विल्सन्स नदीची पातळी १४.४ मीटरवर गेली. पूर्वीच्या उच्चांकापेक्षा ती सुमारे २ मीटरने अधिक होती. जुन्या पुराच्या खुणांवर भरवसा ठेवून घरातच थांबलेल्या अनेकांना छपरांचा आधार घ्यावा लागला आणि स्थानिकांनीच आपल्या लहान बोटींतून कित्येकांना वाचवले. पूरप्रवण घरे विकत घेऊन लोकांना उंचावर वसवण्याची योजना त्याच वर्षी जाहीर झाली. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव यापुढे पुरेसा मार्गदर्शक ठरेलच असे नाही, हा लिस्मोरचा धडा आहे.

शेजारी देशांची स्थिती अधिक बिकट आहे. पापुआ न्यू गिनीच्या एंगा प्रांतात २४ मे २०२४ रोजी दरड कोसळून एक वस्ती गाडली गेली. बळींच्या संख्येबाबत अंदाज शेकड्यांपासून २ हजारांपर्यंत गेले. यंत्रसामग्री पोहोचेपर्यंत गावकरी फावडी, काठ्या आणि हातांनी माती उपसत होते.

अशा दुर्गम भागांत इशारा पोहोचणे हीच जीवनरेखा असते. ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने ३१ जानेवारी २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील (नॉर्दर्न टेरिटरी) आणि पॅसिफिक बेटांसाठीची लघुलहरी सेवा बंद केली. वर्षाला सुमारे १९ लाख डॉलरची बचत होईल आणि ती डिजिटल सेवांकडे वळवली जाईल, असे सांगण्यात आले. पशुपालकांनी आणि बेटांवरील श्रोत्यांनी त्यास विरोध केला होता. वीज आणि मोबाइल मनोरे कोसळल्यावर बॅटरीवर चालणारा रेडिओच उरतो, हा त्यांचा युक्तिवाद नंतरच्या वणव्यांनी अधिकच बळकट केला.

भारताचाही या प्रश्नाशी संबंध आहे. एंगाच्या दुर्घटनेनंतर भारताने पापुआ न्यू गिनीला १० लाख अमेरिकी डॉलरची मदत जाहीर केली. लहान द्वीपराष्ट्रांच्या पायाभूत सुविधा आपत्तीत टिकून राहाव्यात, यासाठी २०२१ मध्ये ग्लासगो येथे सुरू झालेल्या उपक्रमात भारत व ऑस्ट्रेलिया सहभागी आहेत.

तथापि, पूल आणि इमारती भक्कम करणे पुरेसे नाही. वेळेवर मिळणारा इशारा, त्यावरील विश्वास आणि मदतीस येणाऱ्या शेजाऱ्याच्या पोटापाण्याची हमी या तिन्ही गोष्टी तितक्याच आवश्यक आहेत. शेजारी धावून येईलच. पण त्याच्या मागे व्यवस्था उभी राहिली नाही, तर तो दरवेळी येऊ शकेल, असे गृहीत धरता येणार नाही.