खोली शिल्लक आहे, पण तुमच्यासाठी नाही

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक ठरलेला लेख येतो: प्रवासात राहण्याची जागा कशी निवडाल. रिव्ह्यू वाचा, फोटो नीट बघा, स्टेशनपासूनचं अंतर तपासा, रद्द करण्याच्या अटी वाचा, लवकर बुक करा. मला या लेखांचा राग येतो. त्यातले सल्ले चुकीचे नसतात, पण सगळी जबाबदारी प्रवाशाच्या गळ्यात बांधलेली असते. फसलात? तुम्ही रिव्ह्यू वाचले नसतील. दारातून परत पाठवलं? आधी फोन करून विचारायचं होतं. पैसे घेणाऱ्याने काय सांगायला हवं, काय पाळायला हवं, यावर त्या लेखात एक ओळ नसते. ती बाजू मला लिहायची आहे.

आधी किंमत. मोबाइलवर खोली दिसते 1,899 रुपयांची. तारखा टाका, नाव टाका, नंबर टाका, ओटीपी टाका, आणि पैसे भरायच्या पानावर आकडा चोवीसशेच्या घरात गेलेला असतो. मधल्या मध्ये कर आला, सेवा शुल्क आलं, न मागितलेला विमा आला, आणि कुठल्याशा दानाची रक्कमही आपल्या नावाने आधीच टिक करून ठेवलेली. कराचं निमित्त कुणी पुढे करू नये. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर 18 टक्के. एवढा हिशेब त्या यंत्राला पहिल्याच पानावर करता येतो. तो मुद्दाम शेवटच्या पानावर ठेवतात, कारण तिथवर पोहोचलेला माणूस थकलेला असतो आणि सहसा मागे फिरत नाही.

ही लबाडी बेकायदा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 युक्त्यांची यादी जाहीर करून त्यांना मनाई केली. किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणं त्या यादीत आहे. न मागितलेली वस्तू बिलात घुसवणं आहे. ‘ही शेवटची खोली’, ‘आत्ता बावीस जण हीच खोली बघत आहेत’ असं सांगून खोटी घाई लावणंही आहे. आज कुठलंही बुकिंग ॲप उघडा आणि यातलं काय काय अजून चालू आहे ते स्वतः बघा. नियम काढून दोन हात झटकणाऱ्या प्राधिकरणाला मी नियामक म्हणणार नाही.

‘सर्वोत्तम दर’ या पाटीवरही माझा विश्वास उरलेला नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. ऑस्ट्रेलियात ट्रायवॅगो या कंपनीला तिथल्या फेडरल कोर्टाने 2022 मध्ये 4 कोटी 47 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. टीव्हीवर जाहिरात होती की आम्ही सगळे दर तपासून तुम्हाला स्वस्तातली खोली शोधून देतो. प्रत्यक्षात क्लिकमागे जास्त पैसे मोजणाऱ्या संकेतस्थळाला वरची जागा मिळण्यात झुकतं माप होतं. आपल्याकडे ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223 कोटी 48 लाख आणि ओयोला 168 कोटी 88 लाख रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग वेगळा. आयोगाने नोंदवलेली एक गोष्ट प्रत्येक प्रवाशाने लक्षात ठेवावी: आमच्यापेक्षा कमी दरात खोली दुसऱ्या संकेतस्थळावर विकायची नाही, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही, अशी अट हॉटेलवाल्यांवर लादली गेली होती. आपण चार ॲप उघडून दर ताडून बघतो आणि चारही ठिकाणी जवळजवळ एकच आकडा दिसतो, त्यामागे असा करार असू शकतो. मधल्याचं कमिशन शेवटी भाड्यातच मिसळलेलं असतं. ते तारकर्लीचा घरमालकही सोसतो आणि त्याच्याकडे उतरणारे आपणही.

मग मधल्याला वगळून थेट फोन करावा, असं कुणीही शहाणा माणूस म्हणेल. मीही म्हणते. पण इथे दुसरे दरोडेखोर टपून बसलेले आहेत. नकाशावर हॉटेलच्या नावापुढे भलताच नंबर टाकून ठेवतात, मूळ संकेतस्थळासारखं हुबेहूब दिसणारं दुसरं उभं करतात, क्यूआर कोड पाठवतात आणि पैसे गेले की नंबर बंद. यात तीर्थयात्रीही बळी पडतात. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राला खास यात्रेकरूंसाठी इशारा द्यावा लागला, त्यात केदारनाथच्या हेलिकॉप्टरपासून सोमनाथच्या अतिथिगृहापर्यंतच्या बुकिंगचा उल्लेख होता. शेगावचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात खोली आगाऊ आरक्षित होत नाही, तिथे प्रत्यक्ष जाऊन घ्यावी लागते. म्हणजे ‘शेगाव भक्तनिवास ऑनलाइन बुकिंग’ असं म्हणून पैसे मागणारा प्रत्येक जण भामटा आहे, त्यात तपासण्यासारखं काही उरतच नाही. तरीही अशा जाहिराती शोधयंत्रावर झळकतात आणि त्या दाखवण्याचे पैसे घेणाऱ्या बलाढ्य कंपन्यांना कुणी जाब विचारत नाही. पैसे गेले तर पहिल्या तासात 1930 वर फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते.

फोटोंबद्दल थोडक्यात. रुंद भिंगाने काढलेली दहा बाय दहाची खोली दिवाणखान्यासारखी दिसते. ‘समुद्रापासून पाचशे मीटर’ हे अंतर सरळ रेषेत मोजलेलं असतं, मध्ये खाडी असली तरी. देवबागसारख्या गावात, जिथे एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र आहे, पाण्याजवळ म्हणजे कुठल्या पाण्याजवळ हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि वेळ. पूर्वी तालुक्याच्या लॉजमध्येही चोवीस तासांचं चेक-आउट असायचं, पहाटे पाचला आलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत खोली तुमची. आता पैसे एका दिवसाचे घेतात, खोली दुपारी दोनला देतात आणि सकाळी दहाला दार वाजवतात. रात्रभर एसटीत बसून पहाटे उतरलेल्या म्हाताऱ्या माणसांना रिसेप्शनच्या खुर्चीवर ताटकळत ठेवतात, मागे रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या टांगलेल्या दिसत असतात. ‘अर्ली चेक-इन’चे पैसे द्या, मग लगेच खोली तयार होते.

पण हे सगळं एका बाजूला ठेवते, कारण किमतीत फसलेला माणूस निदान छपराखाली तरी झोपतो. मला ज्याची खरी चीड आहे ते दारात घडतं.

कोल्हापुरात एका लॉजवर मी रात्री पोहोचले. बुकिंग झालेलं, पैसे भरलेले, पावती मोबाइलवर. काउंटरवरच्या मुलाने माझ्या मागे कुणी येतंय का ते पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, सिंगल लेडीजला देत नाही आम्ही.” मी विचारलं, का? “मालकांची ऑर्डर आहे.” मालकांना फोन लावायला सांगितलं. फोनवरून उत्तर आलं, “ताई, तुमच्याच सेफ्टीसाठी आहे.” माझ्या सुरक्षिततेसाठी मला रात्री रस्त्यावर काढणाऱ्या त्या माणसाला आपण काय बोलतोय हे कळत नसेल, असं मी मानत नाही. त्याला पुरतं कळत होतं. ॲपवाल्यांना फोन केला तर म्हणे, हॉटेलच्या धोरणात आम्ही हस्तक्षेप करत नाही. पैसे घेताना ते धोरण कुठे लपलं होतं?

आपल्या राज्याने 2023 मध्ये महिलांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं. सवलती, सुरक्षितता, महिलांनी चालवलेली पर्यटनस्थळं, सगळं त्यात आहे. एकट्या बाईला खोली नाकारणाऱ्या लॉजचा परवाना मात्र जिथल्या तिथे शाबूत राहतो. कोकणात रस्त्याच्या कडेला ‘फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी उघड लावलेली असते आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही. एकटी बाई नको, एकटा तरुण नको, मित्रांचा गट नको, लग्न न झालेलं जोडपं नको, ज्याच्या आधार कार्डावर त्याच गावचा पत्ता आहे तो नको. आडनाव विचारून नकार देणारेही आहेत. ते पाटी लावत नाहीत, ‘आत्ताच फुल्ल झालं’ म्हणतात.

आपल्या देशात माणसाला उतरायला जागा नाकारण्याचा इतिहास काय आहे, हे महाराष्ट्राला तरी सांगावं लागू नये. परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत त्यांनी पारशी नाव लावून खोली घेतली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा, असं बजावून गेला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. सार्वजनिक बागेत बसून राहिलेले बाबासाहेब रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत स्वतः लिहिलं आहे. पुढे ज्या घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले, तिच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात हॉटेलांचा उल्लेख स्पष्ट आहे: केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेशापासून अडवता येणार नाही. आणि ही तरतूद सरकारपुरती नाही, खाजगी मालकालाही लागू आहे. एकट्या पुरुषाला खोली देणारा आणि एकट्या बाईला नाकारणारा लॉजमालक या तरतुदीच्या विरोधात उभा आहे. त्याची ‘ऑर्डर’ घटनेहून मोठी नाही.

लग्न झालेलं असणं-नसणं त्या यादीत नाही, हे मान्य. पण सज्ञान स्त्री-पुरुषांनी लग्नाशिवाय एका खोलीत राहू नये असा कुठलाही कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात साफ सांगितलं. मालकांची एक तक्रार मात्र खरी आहे. ते म्हणतात, खोली दिली तर पोलीस त्रास देतात. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी जोडप्यांना उचललं होतं, आणि बंद दारामागच्या सज्ञान माणसांवर सार्वजनिक असभ्यतेची कलमं लावली होती. असं पाहिलेला लॉजवाला घाबरणारच. पण पोलिसांना जाब विचारायची हिंमत नाही, म्हणून त्यांचा राग काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसावर काढायचा, हे मी चालवून घेणार नाही.

काउंटरवरचा दुसरा त्रास आधारचा. ओळख पटवणं मालकाचं काम आहे, पण माझ्या पूर्ण आधार क्रमांकाची झेरॉक्स त्याच्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहावी, याची काही गरज नाही. फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. ते द्या. ‘चालणार नाही’ म्हणाला तर वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढे करा, पण पूर्ण आधारची प्रत देऊ नका.

माझी मागणी साधी आहे. पर्यटन संचालनालय न्याहारी-निवास योजनेत घरांची नोंदणी करतं. त्या नोंदणीत, आणि लॉजच्या प्रत्येक परवान्यात, लिंग, जात, धर्म यांवरून खोली नाकारली तर नोंदणी रद्द अशी अट घाला आणि ती एकदा तरी अमलात आणून दाखवा. ॲपने पैसे घेतले असतील तर दारातल्या नकाराची जबाबदारी ॲपचीही: सगळे पैसे परत, आणि त्याच रात्री त्याच गावात दुसरी खोली त्यांच्या खर्चाने. पहिल्या पानावर पूर्ण किंमत. कोण मालक आहे त्याचं नाव आणि चालू असलेला नंबर.

हे होईपर्यंत नकार गिळून निघून येऊ नका. नकार मेसेजवर लिहून मागा, लिहून दिला नाही तर काउंटरचा, पाटीचा आणि बुकिंगच्या पावतीचा फोटो घ्या, वेळ नोंदवून ठेवा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मालवणात नाकारलेल्या खोलीसाठी नाशिकहून मालवणला खेटे घालावे लागत नाहीत. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. तारखेला यायचं असेल तर त्या लॉजमालकाने नाशिकला यावं, आणि रात्री उतरायला जागा शोधावी.