फरशीची पातळी आणि मजुराचा दाम

या पानावर आपण वेतन, महागाई भत्ता, पेन्शन, कंत्राटीकरण या प्रश्नांवर लिहीत आलो आहोत. या अंकात घरातल्या फरशीवर लिहावयाचे ठरविले आहे. सेक्रेटरींचे विषय संपले काय, असे काही सभासद विचारतील. विषय संपलेले नाहीत. रेल्वेचा फिटर असो वा पोस्टमन, तीस-पस्तीस वर्षे सरकारी क्वार्टरमध्ये काढून जेव्हा तो स्वतःच्या घरात जातो, तेव्हा पी.एफ. आणि ग्रॅच्युइटीतला मोठा हिस्सा त्या घरात घालतो. घर दुरुस्त करताना सर्वांत आधी हात लागतो तो फरशीला. ती फरशी वर्षभरात वाजू लागली, टाइलचे कोपरे वर आले, न्हाणीघरातले पाणी उंबऱ्याकडे वाहू लागले, तर तो पैसा पुन्हा मिळत नाही. वर आलेल्या कोपऱ्याला ठेच लागून साठीनंतरचा माणूस पडला, तर दुखणे पैशापुरते राहत नाही. शिवाय ती फरशी ज्याच्या हातून बसते तोही कामगारच आहे. म्हणून हा विषय आपलाच आहे.

पूर्वी हा प्रश्न एवढा बिकट नव्हता, याचे कारण समजून घेतले पाहिजे. मोझाईकची लादी बसविल्यावर तिच्यावर पॉलिशचे मशीन फिरत असे. दोन लाद्यांत थोडा उंचसखलपणा राहिला तरी मशीन तो घासून काढी. कोटा फरशीचेही तेच. सोलापूर-वाडी मार्गावरच्या शहाबादची फरशी तर जाडीला कमी-जास्तच येई. गवंडी एकेक फरशी उचलून, खाली माल कमी-जास्त करून ती जुळवीत असे, आणि सांधा रुंद असल्याने किरकोळ फरक डोळ्यांत येत नसे. आता बाजारात मोरबीची व्हिट्रिफाइड टाइल आहे. ती दोन फूट बाय दोन फूट, किंवा दोन बाय चार फूट. तिची चकाकी कारखान्यातून येते आणि घरी ती घासता येत नाही. सांधा दोन-तीन मिलिमीटरचा. त्यामुळे जी चूक पूर्वी मशीन पोटात घालीत असे, ती आता कायमची उघडी राहते. जे काय साधायचे ते बसवितानाच साधावे लागते.

पहिली गोष्ट, ‘सपाट’ आणि ‘समपातळीत’ हे दोन शब्द वेगळे आहेत. हे रुळावर काम केलेल्या बांधवांना समजावून सांगण्याची गरज नाही. गेज-कम-लेव्हल ठेवून दोन रुळांची पातळी पाहणे वेगळे आणि एका रुळात खड्डा आहे का हे पाहणे वेगळे. बैठकीची खोली सपाटही हवी आणि समपातळीतही हवी. न्हाणीघर मात्र सपाट हवे पण समपातळीत नको. तेथे जाळीकडे मीटरमागे एक ते दीड सेंटिमीटर उतार हवा. हा फरक काम सुरू होण्यापूर्वी मिस्त्रीशी बोलून घ्यावा. संडास-न्हाणीची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा किती खाली ठेवायची, दाराची चौकट व फळी फरशीवर मोकळी फिरेल का, हेही त्याच वेळी ठरते. जुन्या फरशीवरच नवी बसविणार असाल तर उंची किती वाढेल आणि दाराचे खालचे अंग किती तासावे लागेल, याचा हिशेब आधी हवा.

पातळी काढण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोके दोन भिंतींशी धरली की दोन्हीकडचे पाणी एका पातळीवर उभे राहते. नळीत हवेचा बुडबुडा नसावा आणि ती कोठे पिरगळलेली नसावी, एवढीच काळजी घ्यायची. या नळीने घरभर सर्व भिंतींवर सारख्या उंचीची एक खूण करावी आणि त्या खुणेपासून खाली कोबा किती अंतरावर आहे ते प्रत्येक कोपऱ्यात व मध्ये मोजावे. ज्या जागी अंतर सर्वांत कमी, ती जागा सर्वांत उंच. फरशीची उंची त्या जागेवरून ठरवावी, दारापासून अंदाजाने नव्हे. खोली गुण्यात आहे की नाही हेही कर्ण मोजून तेव्हाच कळते. ती गुण्यात नसेल तर कापलेले तुकडे कोणत्या बाजूला टाकायचे, हे पहिली टाइल ठेवण्याआधी ठरवावे.

दुसरी गोष्ट, खालचा कोबा. फरशीची पातळी टाइलने येत नाही, ती टाइलच्या खाली तयार व्हावी लागते. स्लीपरखालचे पॅकिंग ढिले असेल तर वरचा रूळ कितीही नवा असो, गाडी गेली की तो दबणारच. टाइलचेही तसेच आहे. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी कोब्यावर सर्व दिशांनी फिरवावी. टाइल चिकटविण्याच्या तयार मसाल्याने बसविणार असाल तर पट्टीखाली दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, कारण मसाल्याचा थर पातळ असतो आणि तो खड्डे भरण्यासाठी नसतो. खड्डे आधी भरावेत, उंचवटे छिलावेत, ते वाळू द्यावेत, मग टाइल. सिमेंट-वाळूच्या मालावर बसविताना थोडा फरक माल झाकून घेतो. पण एका जागी एक इंच आणि दुसऱ्या जागी तीन इंच माल पडला, तर सुकताना तो सारखा आकसत नाही. मग आज जुळलेली कड महिन्याभराने जुळलेली राहत नाही.

तिसरी गोष्ट, खुद्द टाइल. खोकी उघडण्यापूर्वी त्यांच्यावरचा बॅच, छटा आणि मापाचा क्रमांक एकच आहे का ते पाहावे. मापाचा क्रमांक वेगळा असेल तर दोन टाइलमध्ये मिलिमीटरभर फरक पडतो आणि दहाव्या ओळीपर्यंत सांधे सरळ राहत नाहीत. तोडमोडीसाठी व पुढच्या दुरुस्तीसाठी शंभराला सात-आठ टाइल जास्तच आणाव्यात, कारण तोच बॅच नंतर मिळेलच असे नाही. लांब टाइलला मध्यभागी किंचित बाक असतो. दोन टाइल तोंडाला तोंड लावून उभ्या धराव्यात, बाक लगेच दिसतो. अशी टाइल विटांच्या बांधणीसारखी अर्ध्यावर सांधा देऊन बसविली, तर एकीचे उंच पोट दुसरीच्या खाली गेलेल्या कडेशेजारी येते. मिस्त्री कितीही कसबी असला तरी तेथे कड वर दिसणारच. म्हणून सांधा सरळ घ्यावा, किंवा फार तर एक तृतीयांशावर द्यावा.

चौथी गोष्ट, बसविण्याची पद्धत. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे साध्या सिमेंटची पकड तिला बेताचीच बसते. मोठ्या टाइलला चिकटविण्याचा मसाला वापरावा. त्यासाठी आय.एस. १५४७७ हे भारतीय मानक आहे, पिशवीवर ते पाहून घ्यावे. मसाला दातेरी थापीने एका दिशेने सबंध पसरावा. चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवून टाइल दाबण्याची पद्धत झटपट आहे, पण गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते आणि तेथे कपाटाचा पाय आला की टाइल तडकते. सुरुवातीची एखादी टाइल बसविल्याबरोबर उचलून पाठ पाहावी. मसाला सर्वत्र लागला असेल तर पुढचे काम निश्चिंतपणे होऊ द्यावे. शेजारच्या कडा एका पातळीत धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा व पाचरी आता मिळतात. त्या उपयोगी आहेत, परंतु त्या कडा धरतात, वाकडा कोबा सरळ करीत नाहीत.

भिंतीलगत सात-आठ मिलिमीटरची मोकळी फट सोडावी. स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. रुळांच्या सांध्यात फट का सोडतात हे आपल्याला ठाऊक आहे. टाइलला भिंतीपर्यंत घट्ट ठोकले तर उन्हाळ्यात जागा न मिळाल्याने मधल्या दोन टाइल तंबूसारख्या वर उठतात. बसविल्यावर निदान चोवीस तास त्यावर कोणी चालू नये आणि सांधे त्यानंतरच भरावेत.

काम झाल्यावर तपासणी सोपी आहे. पूर्वी गाडीच्या चाकावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखीत. तसेच नाण्याने प्रत्येक टाइल वाजवावी, बद्द आवाज आला तर खाली पोकळी. सांध्यावरून नख फिरवावे. मिलिमीटरभर फरक असेल तर नखाला लागतो, त्याहून जास्त असेल तर पायालाही लागेल. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतावे आणि ते कोठे साचते ते पाहावे. हे सर्व सांधे भरण्यापूर्वी, मिस्त्री हजर असताना करावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही सर्व कामे मिस्त्रीला ठाऊक नसतात असे नाही. त्याला ती करण्याची सवड आपण देत नाही. टाइलच्या दुकानात आपण चौरस फुटाला दहा-वीस रुपये जास्त देऊन उंची माल घेतो, आणि मजुरी ठरविताना दोन-दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. काम उक्ते, चौरस फुटावर. आता हिशेब करा. नळीने पातळी काढण्यात अर्धा दिवस गेला, कोबा भरून वाळू देण्यात दोन दिवस गेले, तर त्या अडीच दिवसांत एक चौरस फूटही टाइल पडली नाही, म्हणजे मजुरी शून्य. ज्या कामावर फरशीची पातळी अवलंबून, त्याच कामाला दाम नाही. मग तो ते काम टाळील नाही तर काय करील? गँगला माणसे कमी देऊन सेक्शन वेळेत पुरा करा म्हणणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध आपण घोषणा देतो. घरी आपण तोच व्यवहार करणार काय?

यावर उपाय साधा आहे. पातळी काढणे, जुनी फरशी उखडणे, कोबा दुरुस्त करणे ही कामे रोजावर द्यावीत. टाइल बसविण्याचे काम हवे तर चौरस फुटावर, पण पोट भरेल अशा दराने. तपासणी कशी होणार ते आधी सांगावे, कागदावर दोन ओळी लिहाव्यात. तपासणी झाली की त्याच दिवशी पुरे पैसे द्यावेत. टाइलच वाकडी निघाली तर तो दोष दुकानदाराचा आहे, त्यासाठी मिस्त्रीचा रोज कापू नये.

आणखी एक. टाइलमध्ये सिलिका असते. कोरड्या कटरने उडणारी धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. कापण्याचे काम पाणी सोडून व घराबाहेर करावयास सांगावे, चांगला मास्क आपण आणून द्यावा. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी संसदेने कायदा केला, त्यातून राज्याराज्यांत कल्याणकारी मंडळे उभी राहिली. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो, आणि परमुलखातून आलेल्या कारागिराला तो मिळविणे कठीण जाते. आपल्याकडे तो जितके दिवस राबला त्याचा सहीचा दाखला आपण सहज देऊ शकतो. त्याला एक कागद लागतो.

संघटित कामगाराने असंघटित कामगाराला काय दिले, असा प्रश्न सभांमधून नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर ठरावांत शोधण्याआधी आपल्या घराच्या कामात शोधावे. फरशी समपातळीत हवी असेल तर ती बसविणाऱ्याच्या कष्टाला आधी बरोबरीची किंमत द्यावी लागेल.

कामगार एकजूट झिंदाबाद!