पिशवीला दंड, बंपरला अभय

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिच्या अन्वये बंदी घातलेल्या पिशवीसाठी पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठरला. तिसऱ्यांदा सापडल्यास २५,००० रुपये आणि तीन महिन्यांचा कारावास. नगरच्या बाजारात पालेभाजीच्या जुड्या विकून चूल पेटवणाऱ्या बाईने ही रक्कम कोठून आणावी, हा प्रश्न कायद्याला पडला नाही. तिच्या हातगाडीला वळसा घालून जाणाऱ्या आधुनिक मोटारीत मात्र शंभराहून अधिक किलो प्लास्टिक असते. त्याचे पुढे काय होते, याचा हिशेब कोणी मागत नाही.

मोटारीतील प्लास्टिक ही निव्वळ चैन आहे, असे नव्हे. बंपर पॉलिप्रॉपिलीनचा, दिव्याची काच पॉलिकार्बोनेटची, बैठकीतील फोम पॉलियुरेथेनचा. वाहनाचे वजन दहा टक्क्यांनी घटले, तर इंधनात सहा ते आठ टक्के बचत होते. खनिज तेल आयात करणाऱ्या देशाने ही बचत तुच्छ मानू नये. विरोध वस्तूला नाही. तिच्या लाभाची आणि तिच्या ओझ्याची जी वाटणी झाली आहे, तिला आहे. एका साच्यातून झटपट भाग निघतो, हा लाभ कारखानदाराचा. इंधन वाचते, हा मालकाचा. ओझे तेवढे भंगार वेचणाऱ्याचे!

१९७२ मध्ये नगरच्या कायनेटिक कारखान्यातून लुना बाहेर पडली. तिचा सांगाडा पोलादी होता. तो मोडला तर तालुक्याच्या गावचा वेल्डर जोडून देई आणि मोडीत निघाला तरी त्याला भाव येई. रंग दिलेला, काचतंतू मिसळलेला, दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकला चिकटवलेला भाग असा भाव मिळवीत नाही. तो टाकला जातो, नाही तर उघड्यावर जाळला जातो. तारांवरील पीव्हीसी जाळून तांबे काढणाऱ्या मजुराच्या छातीत जो विषारी धूर जातो, तो कोणत्याही ताळेबंदात खर्च म्हणून लिहिलेला नसतो.

हा दोष केवळ नफेखोरीचा आहे, असे म्हणून समाजवाद्यांनाही सुटता येणार नाही. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट मोटारीचे बाह्यांग कापसाचा टाकाऊ भाग आणि फिनॉलिक राळ यांपासून बनवलेले होते. पोलादाच्या टंचाईवर शोधलेला तो कल्पक उपाय होता. परंतु ते द्रव्य पुन्हा वितळत नाही. तीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि बर्लिनची भिंत पडल्यावर त्यांच्या सांगाड्यांचे काय करावे, हा प्रश्न पुढच्या राजवटीच्या पदरी पडला. अखेरीचा विचार आरंभी केला नाही की असे होते.

भारतात वापर संपलेल्या वाहनांविषयीचे नियम १ एप्रिल २०२५ पासून अमलात आले. उत्पादकावर जबाबदारी टाकण्याचे तत्त्व त्यांनी स्वीकारले, हे स्वागतार्ह आहे. परंतु ती जबाबदारी मोजली जाते पोलादावर. पहिल्या पाच वर्षांत ठरावीक जुन्या वर्षी विकलेल्या वाहनांतील पोलादाच्या किमान ८ टक्क्यांइतकी भरपाई उत्पादकाने करावयाची आहे. पोलादाला बाजारात गिऱ्हाईक आहेच. ज्याला गिऱ्हाईक नाही, त्या प्लास्टिकसाठी असे उद्दिष्ट नाही. उलट युरोपीय आयोगाने जुलै २०२३ मध्ये नव्या मोटारीतील २५ टक्के प्लास्टिक पुनर्वापरातून आलेले असावे, आणि त्यातील चौथा हिस्सा जुन्या वाहनांचा असावा, असा प्रस्ताव मांडला. तेथील उद्योगांनी खळखळ केली, वाटाघाटी झाल्या. पण निदान प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आला.

म्हणून मागण्या साध्या आहेत. उत्पादकाच्या जबाबदारीत प्लास्टिकचे स्वतंत्र उद्दिष्ट असावे. प्रत्येक मोठ्या भागावर त्याच्या द्रव्याची खूण आणि तो सुटा करण्याची सोय सक्तीची असावी. भंगार वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना मान्यता व संरक्षण मिळावे आणि त्यांच्या श्रमाचा मोबदला उत्पादकांच्या निधीतून द्यावा. नगरमध्येच संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. नागरी वाहनांच्या नमुन्यांची चाचणीही तेथे होते. गाडी कशी थांबते हे जेथे तपासले जाते, तेथे ती कशी संपते हेही तपासले जाण्यास अडचण कोणती?

पाच रुपयांची भाजी बांधून देणारीवर कायद्याचा हात पडतो आणि पाच लाखांची गाडी विकणाऱ्यापाशी तो थबकतो. पर्यावरणाचे रक्षण हवेच. पण त्याचा आरंभ दुबळ्याच्या टोपलीपासून करण्याची रीत आता मोडली पाहिजे.