हसरा मुखवटा आणि भयाचे बीज

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाचे. चैत्रातील यात्रेला दूरदूरची माणसे तेथे लोटतात. देवाच्या नावातच काळ आहे, रूपही उग्र आहे. तरीही आईच्या कडेवरचे मूल त्या देवळात निश्चिंत झोपी जाते. आपल्या समाजालाही भैरव परका नाही. क्षेत्रपाल म्हणून त्याला मान आहे, आणि राजस्थानातील नाकोडा तीर्थाची यात्रा करून आलेल्या कितीतरी घरांत नाकोडा भैरवाची तसबीर आढळते. रूप भयंकर आणि काम रक्षणाचे. त्यात लपवाछपवी नाही.

याच भागातील एका व्यापारी कुटुंबातील मातेने या सदराकडे विचारणा केली आहे. तिचा नऊ वर्षांचा मुलगा महिनाभर रात्री दिवा मालवू देत नाही. त्याने भूत पाहिलेले नाही, राक्षस पाहिलेला नाही. दुकानात बसल्या बसल्या हाती दिलेल्या मोबाइलवर त्याने एका विदूषकाची चित्रफीत पाहिली. भैरवापुढे न घाबरणारे मूल सर्कशीतल्या जोकरला का घाबरते, असा त्या मातेचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो, पण त्याची मुळे खोल आहेत.

आपल्या परंपरेतील विदूषक हा मुळात मित्र. ‘मृच्छकटिक’ नाटकातील चारुदत्त व्यापारात प्रतिष्ठा मिळवलेल्या घराण्याचा पुरुष. दानधर्मात संपत्ती गेली आणि आश्रित पांगले. राहिला तो मैत्रेय नावाचा विदूषक. भरल्या घरात मिष्टान्नावर ताव मारणारा हा गृहस्थ ओस पडलेल्या घरातही मित्राला सोडून जात नाही. व्यापारात चढउतार पाहिलेल्या आपल्या वाचकांना मैत्रेयाचे मोल निराळे सांगावयास नको. पुढे तमाशातील सोंगाड्या आला. तो राजाची खोडी काढतो, सावकाराची काढतो, स्वतःचीही काढतो; पण त्याच्या हातून कुणाचा जीव जात नाही. १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली आणि नंतरच्या सर्कशींतून रंगवलेल्या चेहऱ्याचा जोकर आपल्याकडे घरोघरी ओळखीचा झाला. तोही पडणारा, मार खाणारा, हसवणारा.

पश्चिमेकडे मात्र या चेहऱ्यावर आधीपासूनच सावली पडू लागली होती. १८९२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘पालियाची’ या इटालियन संगीतिकेत विदूषकाचे सोंग घेतलेला नट खेळ चालू असतानाच पत्नीची हत्या करतो आणि प्रेक्षकांना आरंभी ते नाटकच वाटते. १९७८ मध्ये अमेरिकेत शिकागोनजीक जॉन वेन गेसी नावाच्या इसमाला अटक झाली. पुढे ३३ खुनांबद्दल तो दोषी ठरला. हाच मनुष्य मुलांच्या समारंभांत विदूषक होऊन मिरवत असे. त्यानंतर १९८६ मध्ये स्टीफन किंग यांची ‘इट’ ही कादंबरी आली. पेनीवाइज नावाचा विदूषक गटाराच्या तोंडातून मुलाशी गोड बोलतो आणि त्याला ओढून नेतो. तिच्यावर १९९० मध्ये दूरचित्रवाणी मालिका आणि २०१७ मध्ये चित्रपट निघाला. (कादंबरीतील ते संकट दर २७ वर्षांनी उठते. मालिका आणि चित्रपट यांतील अंतरही नेमके २७ वर्षांचे, हा योगायोग मोठा गमतीचा.) अलीकडच्या ‘टेरिफायर’ चित्रपटांनी तर उरलीसुरली कथाही टाकून दिली. तेथील विदूषक एक शब्द न बोलता, मजेत, सावकाश माणसे मारतो.

मराठीत याच्या जवळचे उदाहरण म्हणजे १९९३ च्या ‘झपाटलेला’मधील तात्या विंचू. महेश कोठारे यांचा हा चित्रपट. बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवलेला. मरणाऱ्या गुंडाचा जीव मंत्राच्या बळावर बोलक्या बाहुल्यात शिरतो, ही कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या अमेरिकी चित्रपटाशी नाते सांगते. पण मराठी मातीत येताच तिचे रूप पालटले. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या धांदलीने भय मोकळे केले, आणि त्या वेळी आईच्या पदराआड तोंड लपवणारी मुले आज दुकानाच्या गादीवर बसून तात्या विंचूच्या नकला करतात. भय आणि हास्य एकत्र आले की कोणी कोणाला गिळायचे, हे प्रत्येक कलावंताला ठरवावे लागते. आपल्याकडे हास्याने भयाला गिळले, हे मला अधिक निकोप वाटते.

मुलाचे मन समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचा हेतू वाचते. रंगवलेले हसू बदलत नाही. तो रागावला तरी हसतो, सुरी उगारली तरी हसतो. त्यामुळे वाचनच थांबते. इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये रुग्णालयांच्या सजावटीविषयी ४ ते १६ वयोगटातील अडीचशेहून अधिक मुलांची मते घेतली, तेव्हा भिंतीवरील विदूषकांची चित्रे मुलांना मुळीच आवडत नसल्याचे दिसून आले. मोठ्यांनी ती मुलांच्या आनंदासाठीच लावली होती!

आपल्या आचार्यांनी हे मिश्रण फार पूर्वी ओळखले होते. चारित्रमोहनीय कर्माच्या भेदांत नऊ नोकषाय सांगितले आहेत. हास्य, भय आणि जुगुप्सा हे तिन्ही त्याच पंक्तीत बसतात. आपण हास्याला निरुपद्रवी समजतो, शास्त्र त्याला भयाचे भावंड मानते. खुनी विदूषकाच्या चित्रपटात ही तिन्ही भावंडे एकाच पडद्यावर नांदतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अनर्थदंडविरतीच्या अतिचारांत ‘कौत्कुच्य’ हा शब्द येतो. असभ्य थट्टेसोबत अंगविक्षेप करणे, भांडासारखे चाळे करणे, असा त्याचा अर्थ. आणि समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार गणले, त्यांत ‘दुःश्रुति’ आहे: चित्त कलुषित करणारे ऐकणे. पडद्याचा मागमूस नसलेल्या काळातील हा विचार आजच्या मोबाइलला तंतोतंत लागू पडावा, याचे नवल वाटते.

येथे तारतम्य मात्र हवे. प्रत्येक भयकथा त्याज्य, असे मी म्हणणार नाही. ‘इट’मधील अमंगल शक्ती मुलांच्या भयावरच पोसली जाते आणि मुले एकत्र उभी राहिली की दुबळी होते, या कथेत काही विचार आहे. ‘टेरिफायर’सारख्या चित्रपटात हिंसेतून मिळणाऱ्या मजेखेरीज काही नाही. हिंसेत आनंद मानणे याला आपल्याकडे रौद्रध्यान म्हणतात, आणि रात्रिभोजनाचा त्याग काटेकोर पाळणारी घरे रात्री अकराला मुलांच्या हाती काय असते याची चौकशी करत नाहीत, याचे वैषम्य वाटते. चित्रपटगृहाच्या दारावर निदान वय विचारतात. गिऱ्हाइकांच्या गर्दीत मूल गप्प राहावे म्हणून आपण जे हाती ठेवतो, त्याला दारच नाही.

त्या मातेला माझे सांगणे असे. मुलाला ‘भित्रा’ म्हणू नये. जेवत नाही म्हणून बागुलबुवा दाखवणाऱ्या आपल्या पिढ्यांना तो अधिकार नाही. दिवा राहू द्यावा. दिवसाउजेडी त्याच्याकडून विदूषकाचे चित्र काढून घ्यावे, चेहरा रंगवून पुसूनही दाखवावा, म्हणजे रंगाखाली माणूस असतो हे त्याच्या डोळ्यांना पटेल. महिन्याभरानेही झोप पूर्ववत झाली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना विचारण्यात कमीपणा मानू नये.

आणखी एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यात आहे. कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे. पद्मपुराणातील कथेप्रमाणे, रात्री डोंगरावरून येणाऱ्या भयानक आवाजांनी नगरातील लोक संध्याकाळीच घरे सोडून जात. राम, लक्ष्मण आणि सीता मात्र त्याच डोंगराकडे निघाले. तेथे दोन मुनी ध्यानस्थ होते आणि पूर्ववैराने पेटलेला एक देव विक्राळ रूपे व आवाज उभे करून त्यांच्यावर उपसर्ग करीत होता. लोक ज्याला भ्याले, ते जवळ जाऊन पाहता असे निघाले. उपसर्ग दूर झाला आणि मुनींना केवलज्ञान झाले.

सोनारीच्या परिसरातून कुंथलगिरीला जाऊन एका दिवसात परतता येते. सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन जावे, आणि ही कथा रात्री अंथरुणावर सांगण्याऐवजी सकाळच्या उन्हात, डोंगर चढताना सांगावी.