मसलतीत कामगार का नको?

उद्योग भरभराटीत असला म्हणजे कामगार हे आपले कुटुंबीयच, असे चालक म्हणतात. तोच उद्योग डबघाईस आला की हे कुटुंबीय दाराबाहेर उभे राहतात आणि आत धनकोंची मसलत चालते. जेट एअरवेजच्या प्रकरणी मुंबईच्या नोकरदारांनी हा अनुभव पुरता घेतला. १७ एप्रिल २०१९ रोजी कंपनीचे कामकाज थांबले, जूनमध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली, पुनरुज्जीवनाची योजना मंजूर होऊन रखडली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. या साडेपाच वर्षांत हजारो कर्मचाऱ्यांच्या हाती उरले ते केवळ वाट पाहणे.

हा एका कंपनीचा प्रश्न नव्हे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने अशा कंपनीचे भवितव्य धनकोंच्या समितीवर सोपविले आहे आणि तेथे मत आहे ते मुख्यतः बँका व वित्तसंस्था यांना. ज्यांचे वेतन थकले तेही धनकोच. पण त्यांचा वर्ग निराळा. त्या वर्गाचे एकूण येणे कर्जाच्या १० टक्के भरले, तरच त्यांच्या प्रतिनिधीने सभेस बसावयाचे, आणि तेही मताविना!

कायद्याने कामगारास अगदीच वाऱ्यावर सोडले आहे, असे आम्ही म्हणत नाही. अवसायनात कामगारांचे २४ महिन्यांचे वेतन तारणधारक धनकोंच्या बरोबरीने द्यावयाचे असते. इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे, त्यांच्या मागून. परंतु मोडलेल्या घराच्या वाशांत वाटा मिळणे वेगळे आणि घर मोडावे की सावरावे हे ठरविण्यात वाटा असणे वेगळे.

कोणी म्हणेल, ज्याचा पैसा त्याचा निर्णय. ताळेबंद कामगारास काय कळणार? बँकेचे कर्ज शंभर ठिकाणी विखुरलेले असते. एक बुडाले तरी ती तरते. कामगाराची वीस वर्षे मात्र एकाच ठिकाणी गुंतलेली असतात. जोखीम कोणाची मोठी? शिवाय काम कोठे अडते आणि पैसा कोठे झिरपतो, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार?

व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, हे तत्त्व १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४३-क मध्ये लिहिले गेले. १९९० मध्ये राज्यसभेत तसे विधेयकही आले. त्याचा कायदा झाला नाही. त्याच १९७६ साली जर्मनीने दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगारपक्षास दिल्या. तेवढ्याने तेथील उद्योग रसातळास गेले नाहीत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. धनकोंच्या समितीवर कामगारांनी व कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींस आसन द्यावे, मत द्यावे आणि हिशेबाची कागदपत्रे वेळेवर दाखवावीत. संकटाचा भार ज्यांनी वाहावयाचा, त्यांना निर्णय वर्तमानपत्रातून कळावा, हे लोकशाहीस शोभत नाही.