साथीदाराचे नाव

मैफलीची पत्रिका छापताना गायकाचे नाव मोठ्या ठशात, पेटीवाल्याचे बारीक आणि तबलजीचे जागा उरली तर, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. लग्नाच्या बँडपार्टीत तर तेवढेही नाही. तिथे क्लॅरोनेटवाला 'मास्तर' असतो; ढोलवाला हा नुसता ढोलवाला. ताल हा संगीताचा पाया आहे असे आपण परीक्षेत लिहितो, आणि पाया घालणाऱ्याला दाराशी बसवतो. या रीतीबद्दल मला जे म्हणायचे आहे ते एका माणसाच्या निमित्ताने म्हणतो. त्या माणसाचे नाव त्रिलोक गुर्टू. मलकापुरात हे नाव फारसे कोणी ऐकले नसेल. युरोपातल्या जाझच्या रसिकांना मात्र ते गेली चाळीस वर्षे चांगले परिचयाचे आहे.

गुर्टूंचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत झाला. आडनाव काश्मिरी, पण आई बेळगावची. ही आई म्हणजे ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका शोभा गुर्टू, माहेरच्या भानुमती शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर या नृत्यांगना, आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. आजी नाचणारी, आई गाणारी आणि नातू परदेशात जाऊन ड्रम बडवणारा! आपल्याकडचे काही जाणते या क्रमाकडे बोट दाखवून म्हणतील, पाहा, घसरण कशी होते ती. मला यात घसरण दिसत नाही. दिसते ते एकाच घरातले एकच शिक्षण, तीन पिढ्यांत तीन रूपे घेतलेले.

ठुमरीला साथ करणे म्हणजे काय, याचा थोडा विचार करावा. ख्यालात तबलजीला ठेका धरून बसावे लागते. ठुमरीतही तो दीपचंदीच्या १४ किंवा जतच्या १६ मात्रा सांभाळतो, पण गायिका एकेका शब्दाला वेगवेगळ्या तऱ्हेने वळवीत असते, थांबते, रुसते, पुन्हा येते. त्या वेळी ठेक्यात एक बोल जास्त पडला तरी रंग जातो. मग शेवटी गायिका मुखड्यावर स्थिर होते आणि तबल्याची लग्गी सुटते, तेव्हा जरा वेळ का होईना, मैफल तबलजीची होते. कुठे गप्प राहायचे आणि कुठे सुटायचे, हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ ठुमरी चालते तिथल्या मुलाला ते चालता-बोलता मिळाले असणार, असे मला वाटते. गुर्टू लहानपणी तबला शिकले. ड्रमसेटकडे ते वळले १९७० च्या दशकात.

आता हा ड्रमसेट म्हणजे काही आकाशातून पडलेले वाद्य नव्हे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरात, मिरवणुकीच्या बँडमध्ये एक माणूस मोठा ढोल वाजवी, दुसरा ताशासारखा लहान ढोल, तिसरा झांजा. हे बँड रस्त्यावरून नाचगृहात आले तेव्हा तिघांचा पगार वाचावा, जागाही वाचावी म्हणून सगळे सामान एकाच माणसापुढे मांडले गेले. मोठ्या ढोलाला पायाने चालणारा ठोका लावला, आणि वादक खुर्चीवर बसला. आपल्या गावच्या वरातीतले तीन वादक एका माणसात कोंबले की झाला ड्रमर! जाझ संगीत या ड्रमरच्या जिवावर उभे राहिले. त्यात आधी एक ठरीव चाल वाजवतात आणि मग प्रत्येक जण तिच्यावर आपल्या बुद्धीने बढत करतो. हा प्रकार आपल्याला परका वाटू नये. फरक एवढाच, की तिथे ड्रमर केवळ साथीला नसतो. आर्ट ब्लेकी नावाच्या ड्रमरने स्वतःच्या नावाचा संघ तीस वर्षांहून अधिक काळ चालवला, आणि भोंगेवाले त्याच्या हाताखाली तयार झाले.

गुर्टूंनी या वाद्याला आणखी एक वळण दिले. त्यांनी ड्रमरला खुर्चीवरून उठवून पुन्हा जमिनीवर आणले. गुडघे टेकून, अर्धवट बैठक मारून ते वाजवतात. एका हाताला तबला, समोर ढोल, वर झांजा, आणि शेजारी चक्क पाण्याची बादली. वाजती झांज किंवा घंटा त्या पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो. मध्येच तोंडाने बोलांची पढंत चालू होते. कोणी म्हणेल ही सर्कस आहे. मोबाईलवर त्यांचे वादन आज कोणालाही पाहता येते. पाहावे आणि ठरवावे. माझे मत असे की बादली काढून घेतली तरी वादन तेवढेच उरते, आणि ज्याचे उरते त्याला बादली ठेवण्याचा अधिकार आहे.

१९७७ साली जर्मनीतल्या 'एम्ब्रियो' या संघाच्या ध्वनिमुद्रिकेत ते वाजवतात आणि आई गाते. पुढे 'ऑरेगॉन' या अमेरिकन चौकडीतला कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये मोटार अपघातात गेला. हा वॉलकॉट अमेरिकन असून सतार नि तबला वाजवणारा, रविशंकर व अल्लारखाँ यांच्याकडे शिकलेला. त्याची रिकामी जागा भरायला बोलावणे आले ते मुंबईच्या गुर्टूंना. त्यानंतर गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रिकुटात ते वाजवू लागले. या तिघांचा १९८९ चा लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधला कार्यक्रम ध्वनिमुद्रित आहे. १९८८ साली त्यांची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका 'उसफ्रेत' निघाली. तिच्यातही साठी ओलांडलेली आई आहे. आयुष्यभर जिच्या गाण्याला दुसरे साथ करीत आले, ती इथे मुलाच्या तालाला साथ द्यायला आली. शोभाताई २००४ साली गेल्या; २००२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले होते. त्यांच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मला ही एक गोष्ट मोठी वाटते.

नॉर्वेचा उल्लेख इथे केला पाहिजे. सुमारे ५५ लाख वस्तीचा हा देश, म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या जेमतेम दुप्पट. पण तिथल्या जाझवादकांनी जगाला कान द्यायला लावले. गिटारवादक तेर्ये रिप्डाल यांच्याबरोबर गुर्टू वाजवले. सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्यांची १९८५ ची ध्वनिमुद्रिका आहे. याच गार्बारेकचा जुना साथी म्हणजे नॉर्वेचा ड्रमर यॉन क्रिस्टेन्सन, जन्म १९४३, मृत्यू २०२०. हा माणूस मात्रा मोजून दाखवीत नसे. लाट यावी तसा ताल येई आणि ओसरे. ऐकणाऱ्याने सम आपल्या मनात धरायची. तिकडचे लोक त्याचे नाव आदराने घेतात. तो गाणारा नव्हता, चाली बांधणारा म्हणूनही गाजला नाही. तो ड्रमर होता, आणि एवढे पुरले.

आपल्याकडे हे पुरत नाही. तबल्याचे बरे चालले आहे. अहमदजान थिरकवाँ बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत होते आणि त्यांच्या तबल्यासाठी कान टवकारणारे प्रेक्षक होते. अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांनी तबलजीला मंचाच्या मध्यभागी बसवले. पण तबल्याच्या खाली कोण आहे? पोळ्याला बैलांपुढे डफडे वाजते, वरातीत वाजते, आणि ते वाजवणारा जेवणाच्या पंगतीत कुठे बसतो हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मेलेल्या जनावराचे कातडे आणि ते हाताळणारी जात, हे या बेपर्वाईचे मूळ आहे. १९५६ नंतर आपल्या विदर्भात कितीतरी लोकांनी वाजवण्याचे हे गावकीचे काम टाकून दिले. योग्यच केले. ते काम हौसेचे नव्हते, सक्तीचे होते, आणि त्याचा मोबदला होता शिळी भाकर. तेव्हा 'लोककला मरत चालली हो' असा गळा काढणाऱ्यांशी माझे जमत नाही. ज्याला वाजवायचे नाही त्याने वाजवू नये.

प्रश्न आहे तो ज्याला वाजवायचे आहे त्याचा. आपल्या वर्गात असे दोन-तीन तरी विद्यार्थी आहेत की ज्यांचे हात बाकावर पडले की तास घेणारे सरही क्षणभर थांबतात. स्नेहसंमेलनात हे विद्यार्थी कुठे असतात? भावगीताच्या मागे, पडद्याच्या कडेला. गायनाची स्पर्धा आहे, नाट्यछटेची आहे, पाककृतीचीही आहे. वाद्यवादनात पेटी आणि बासरी चालते. डफड्याबद्दल विचारले तर 'ते मिरवणुकीसाठी राहू द्या' असे उत्तर मिळते. गुर्टूंचे सामान मिरवणुकीतलेच आहे, हे उत्तर देणाऱ्यांना कोणी तरी सांगायला हवे.

माझी सूचना साधी आहे. सांस्कृतिक मंडळाने येत्या संमेलनात एकल तालवादनाची स्पर्धा ठेवावी. प्रत्येकी ७ मिनिटे, वाद्य कोणतेही: तबला, मृदंग, ढोलकी, डफडे, संबळ, ड्रम, रिकामा डबासुद्धा. परीक्षक म्हणून एक संगीताचे प्राध्यापक आणि एक बँडपार्टीतला जुना ढोलवाला बोलवावा, दोघांना मानधन सारखे. आणि कार्यक्रमपत्रिका छापताना साथीदारांची नावे गायकाच्याच ठशात घ्यावीत. छापखान्याला त्याचा वेगळा खर्च येत नाही. मी विचारून आलो आहे.